समुद्र राहू दे, आधी गावच्या बोअरकडे बघ

भाऊ, सौर ऊर्जेवर समुद्राचं पाणी गोडं करून लातूर-बीडला आणायची तुझी कल्पना वाईट नाही, पण हिशोब मांड. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार. आरओनं, म्हणजे दाब देऊन बारीक पडद्यातून पाणी गाळून, ते काढायला हजार लिटरमागे ३-४ युनिट वीज लागते. वर ते घाट चढवून आणायचं. नुसता ५०० मीटर चढ धरला तरी पंपाचा तोटा मिळून आणखी दोनेक युनिट. पाइपलाइनचा खर्च वेगळाच!

त्यापेक्षा गावातल्या खाऱ्या बोअरपासून सुरुवात कर. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला २००० ते ३००० मिलिग्रॅम असेल तर दाब कमी लागतो, वीजही कितीतरी कमी. मशीनवाल्याला बोलवायच्या आधी पाणी प्रयोगशाळेत तपासून घे. टीडीएसचं मीटर फ्लोराइड, नायट्रेट दाखवत नाही, आणि कडकपणा जास्त असला की मेंब्रेनवर, म्हणजे आरओच्या त्या पडद्यावर, चुना बसतो.

बॅटरीच्या नादी लागू नकोस. ऊन आहे तोवर मशीन चालव, गोडं पाणी टाकीत साठव. टाकी बॅटरीपेक्षा स्वस्त आणि टिकाऊ. संध्याकाळी बंद करताना मेंब्रेन गोड्या पाण्यानं धुऊन काढ. पॅनलवरची धूळ उन्हाळ्यात वरचेवर पुसावी लागते, ते काम कोणाचं हे आधीच ठरव.

आता खरी डोकेदुखी. निम्मं पाणी गोडं निघालं तर उरलेल्या निम्म्यात क्षार जवळपास दुप्पट होतात. ते बोअरमध्ये परत सोडायचं नाही, उसालाही नाही. संडासाला वापर, नाहीतर अस्तर टाकलेल्या खड्ड्यात आटव. ही सोय लागत नसेल तर मशीन घेऊच नकोस.