अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष स्वतःविरुद्धची चौकशी बंद पाडू शकतो का?

चौकशी बंद पाडणं अवघड, पण हुकूम मानणारा अधिकारी सापडेपर्यंत माणसं बदलत राहून चौकशी करणाऱ्याला तो घरी पाठवू शकतो. 20 ऑक्टोबर 1973 ला, शनिवारी रात्री, नेमकं हेच झालं. वॉटरगेट प्रकरणाची (विरोधी पक्षाच्या कार्यालयातली घुसखोरी आणि ती दडपण्याचा प्रयत्न) चौकशी करणारे विशेष वकील आर्चिबाल्ड कॉक्स तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या संभाषणांच्या टेप मागत होते. कॉक्सना काढा असं निक्सन यांनी म्हटल्यावर अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचे प्रमुख, एलियट रिचर्डसन यांनी राजीनामा दिला. त्यांच्या हाताखालच्या विल्यम रकल्सहाउस यांनीही नकार देऊन खुर्ची सोडली. खात्यातले तिसरे रॉबर्ट बोर्क, त्यांनी मात्र कॉक्सना काढण्याच्या हुकमावर सही केली. तरी निक्सन सुटले नाहीत: लोक खवळले, नवे विशेष वकील लिऑन जॉवर्स्की यांनी तीच मागणी रेटली, 24 जुलै 1974 ला सुप्रीम कोर्टाने 8-0 ने टेप द्यायला लावल्या (त्या आठांतले तीन न्यायाधीश खुद्द निक्सन यांनीच नेमलेले!) आणि 9 ऑगस्टला ते पायउतार झाले.

पण 1973 चा हिशोब आज जसाच्या तसा लावू नका. अशा चौकशीसाठी स्वतंत्र वकील नेमण्याचा 1978 चा कायदा 1999 मध्ये संपला, आता भिस्त न्याय खात्याच्याच नियमांवर. शिवाय जुलै 2024 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने राष्ट्राध्यक्षाच्या न्याय खात्याशी झालेल्या बोलण्याला फौजदारी खटल्यापासून पूर्ण संरक्षण दिलं. उरतो तो महाभियोग, आणि त्यात दोषी ठरवायला सिनेटमध्ये दोन-तृतीयांश मतं लागतात.