बँडसॉवरची पहिली डबी

बँडसॉ म्हणजे सलग फिरणाऱ्या पट्टीसारख्या पात्याची विजेची करवत. तिच्यावर एकाच ठोकळ्यातून डबी आणि तिचा खण (ड्रॉवर) कापून काढायचा. पहिल्या डबीला खण एकच ठेवा. पूर्ण सुकलेल्या सागवानाचा १५०×१००×१०० मिमी ठोकळा पुरेल. पातं ६ मिमी रुंद, इंचाला ६ दात. ते साधारण १६ मिमी त्रिज्येपर्यंतच वळतं, म्हणून खणाचे कोपरे ऐसपैस गोल आखा. पातं टेबलाशी काटकोनात आहे ना, हे गुण्या लावून बघाच. तिरकं असेल तर खण एकाच बाजूने सरकतो.

क्रम असा:
१. बाहेरचा आकार कापा, बूड सपाटच ठेवा. गोल बूड पात्याखाली गरगर फिरतं आणि बोटं जातात.
२. पाठीची ६ मिमी चकती काढा. नवशिके नेमकं हेच विसरतात आणि आधी खण कापून बसतात.
३. खणाचा गाभा एका सलग कापात काढा. पातं आत शिरलेली चीर फेविकॉल भरून क्लॅम्पने आवळा.
४. गाभ्याच्या पुढून-मागून ६-६ मिमी चकत्या काढा, मधला भाग यू आकारात पोखरा, चकत्या परत चिकटवा.

वळणावर लाकूड रेटू नका. पातं पिळवटतं, काप फुगतो.

पाठ चिकटवताना खण बाहेर ठेवा, आत ओघळलेला फेविकॉल ओला असतानाच पुसा. वाळला तर खण पूर्ण आत बसतच नाही.