इंग्रजी वाक्य ‘बट’ किंवा ‘बिकॉज’ने सुरू केलं तर चूक ठरते का?

नाही. ‘अँड’, ‘बट’ने सुरुवात व्याकरणात बसते, फक्त ‘बट’ला लागून सवयीने स्वल्पविराम देऊ नका, तो ‘हाउएव्हर’नंतर लागतो. ‘बिकॉज’ची गोम वेगळी. ‘बिकॉज इट वॉज रेनिंग’ एवढ्यावर पूर्णविराम दिला की वाक्य अर्धवट लोंबकळतं. स्वल्पविराम देऊन ‘वी स्टेड होम’ जोडा, झालं काम. ‘ऑल्दो’ने सुरुवात केलीत तर पुढे ‘बट’ नको. मराठीत ‘जरी’ला ‘तरी’ लागतो, म्हणून इंग्रजीत ‘बट’ हमखास घुसतो.

खरी फसगत ‘आयएनजी’वाल्या सुरुवातीत होते. ‘वॉकिंग होम, द रेन स्टार्टेड’ म्हणजे पाऊसच चालत घरी निघाला! स्वल्पविरामानंतर लगेच चालणारा माणूस यायला हवा: ‘वॉकिंग होम, आय गॉट वेट.’