बोट नंतर बघा, आधी ती बांधायची जागा शोधा

प्रश्न: ताई, आम्ही मिल्टन कीन्सला भाड्याच्या घरात राहतो. दोघंही आयटीत आहोत. आठवड्यातले दोन दिवस ऑफिस, बाकी घरून काम. मुलगी सहा वर्षांची आहे, शाळेत छान रुळली आहे. भाडं दरवर्षी वाढतंय आणि घर घेण्याइतकं डिपॉझिट अजून जमलेलं नाही. कालव्याकाठी फिरायला जातो तिथल्या नॅरोबोटी, म्हणजे राहण्याजोग्या लांबट अरुंद बोटी, पाहून नवऱ्याने मनावर घेतलंय की घर सोडायचं आणि बोट घेऊन राहायचं. पैसे वाचतील, इंग्लंडही बघून होईल, असं त्याचं म्हणणं. दर उन्हाळ्यात आई-बाबा नाशिकहून येतात. मला हौस आहे, पण धाकधूकही वाटते. काय करावं?

उत्तर: तुमच्या पत्रात वाढतं भाडं आहे, नवऱ्याची हौस आहे, आई-बाबांचं येणंसुद्धा आहे. फक्त रात्री ती कुठे बांधणार, हे कुठेच नाही. आम्ही नवरा-बायको काही वर्षं कालव्यावर राहिलो, म्हणून ठामपणे सांगते: तुमचा सगळा निर्णय या एका गोष्टीवर आहे. बोटी विकायला शेकड्यांनी असतात. कायम राहायची परवानगी असलेली जागा मात्र मिळता मिळत नाही.

इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे २,००० मैलांचे जलमार्ग कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट सांभाळते. बोटीचं लायसन्सही तीच देते. १९९५ च्या कायद्यानुसार लायसन्ससाठी तीन गोष्टी लागतात: बोट सेफ्टीचं प्रमाणपत्र (ते चार वर्षांनी नवं करावं लागतं), विमा आणि बोट बांधायची स्वतःची ठरलेली जागा. ही जागा, म्हणजे होम मूरिंग, नसेल तर तुम्ही सतत प्रवासात असलं पाहिजे. एका ठिकाणी चौदा दिवसांहून जास्त थांबायचं नाही, काही ठिकाणी त्याहूनही कमी. बरेच जण हे वाचून म्हणतात, ‘मग काय, पंधरा दिवसांनी थोडं पुढे सरकवू.’ तसं चालत नाही. त्याच दोन पुलांमध्ये मागेपुढे करणं म्हणजे प्रवास नव्हे. वर्षभरातला तुमचा एकूण पल्ला, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर, वीस मैलांहून कमी असेल तर ट्रस्टचं समाधान होणं अवघड आहे. बोटींची पाहणी करणारे लोक काठाने फिरून नोंदी ठेवतात. नियम मोडल्याचं दिसलं की आधी पत्रं येतात, मग लायसन्स अडतं, आणि शेवटी ज्या बोटीत तुमचा संसार आहे तीच जाऊ शकते. शिवाय एप्रिल २०२४ पासून होम मूरिंग नसलेल्यांना लायसन्सवर जादा आकार भरावा लागतो.

आता हे तुमच्या गावात बसवून बघा. मिल्टन कीन्सच्या कडेने ग्रँड युनियन कालवा जातो. फेनी स्ट्रॅटफर्डचं जेमतेम फूटभर उंचीचं लॉक (पाण्याची पातळी चढवून-उतरवून बोट वर-खाली नेणारी दरवाज्यांची कोठी) सोडलं की कॉसग्रोव्हपर्यंत मैलोन्‌मैल एकही लॉक नाही. राहायला मोठा सुखाचा पट्टा आहे. पण वीस मैलांचा पल्ला धरायचा तर दक्षिणेला लेटन बझर्ड आणि उत्तरेला स्टोक ब्रूअर्नपर्यंत जावं लागेल. वाटेत सोलबरीची तीन लॉक, स्टोक ब्रूअर्नची सात. कालव्यावर वेगाची मर्यादा ताशी चार मैल आहे, आणि बांधलेल्या बोटींजवळून जाताना त्याहूनही हळू जावं लागतं. म्हणजे हे दोन दिवसांचं अंतर झालं. बोट स्टोक ब्रूअर्नला असेल त्या पंधरवड्यात मुलीला शाळेत रोज कोण सोडणार? गाडी आहे म्हणाल, तर बोट हलवल्यावर गाडी मागेच राहते. ती आणायला कुणीतरी घडीची सायकल काढून काठाकाठाने परत जायचं. डिसेंबरात साडेतीन-चारलाच अंधारून येतं आणि पायवाटेवर चिखल असतो.

शाळेचा हा पेच कालव्यावर जुनाच आहे. मालवाहू बोटींवर कुटुंबंच्या कुटुंबं राहत तेव्हा मुलांची शाळा होतच नसे. १८७७ च्या कॅनल बोट्स ॲक्टने राहत्या बोटींची नोंदणी सुरू केली, त्यामागे या मुलांच्या शिक्षणाची काळजीही होती. आज कायदा तुमच्या बाजूने आहे, बोटीवर राहणाऱ्या मुलालाही शाळेचा पूर्ण हक्क आहे. पण जागा कमी असलेल्या शाळा घरापासूनचं अंतर मोजून प्रवेश देतात, आणि सेकंडरीच्या अर्जाची मुदत सहावीच्या वर्षातली ३१ ऑक्टोबर. त्या दिवशी तुमचा पत्ता काय असेल, हे आजच डोळ्यांसमोर आणा.

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे. शाळेत जाणारं मूल आणि दोन पक्क्या नोकऱ्या असताना होम मूरिंगशिवाय बोटीवर राहू नका. आणि मूरिंगही ‘रेसिडेन्शियल’ हवं. मरिनात, म्हणजे बोटी ठेवायच्या गोदीत, स्वस्तात मिळतं ते बहुतेक वेळा ‘लीझर’ मूरिंग असतं. तिथे बोट ठेवता येते, अधूनमधून राहता येतं, पण ते तुमचं एकमेव घर करता येत नाही. ‘सगळेच राहतात, कुणी विचारत नाही’ असं शेजारचा बोटवाला सांगेल. त्याच्यावर विसंबून घर सोडू नका. रेसिडेन्शियल जागेला नियोजन परवानगी असते. तिथे कौन्सिल टॅक्स (घरपट्टीसारखा स्थानिक कर) लागू शकतो, आणि भाडं जागेनुसार चांगलंच असतं. करार सही करण्याआधी शब्दन्‌शब्द वाचा: मूल चालतं का, पाहुणे किती दिवस राहू शकतात, टपाल तिथे येईल का, विजेचा दर काय, आणि बोट विकली तर जागा नव्या मालकाला मिळते का. घरभाडेकरूला कायद्याचं जे संरक्षण असतं ते मूरिंगला सहसा नसतं. नोटीस आली की बोट हलवावी लागते.

पैसे वाचतील का? थोडे वाचतील कदाचित, पण त्यासाठी हे करू नका. पन्नास-साठ फुटी, नीट राखलेली जुनी नॅरोबोट साधारण पन्नास हजार पौंडांच्या पुढे जाते. तिला नेहमीचं गृहकर्ज मिळत नाही. घराखाली जमीन असते, बोटीखाली नसते, त्यामुळे किंमत वाढेल ही अपेक्षा ठेवू नका. वर लायसन्स, विमा, मूरिंग, डिझेल, गॅस, कोळसा, इंजिनाची देखभाल, दर दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून तळाला काळा लेप. डिपॉझिटसाठी साठवलेले पैसे बोटीत घातलेत तर घर आणखी लांबेल, हे दोघांनी मिळून मान्य करा आणि मगच पुढे जा. बोट घ्यायचीच तर स्वतः नेमलेल्या सर्व्हेअरकडून ती पाण्याबाहेर तपासून घ्या. तो अल्ट्रासाउंडने पत्र्याची जाडी मोजतो. ‘दहा-सहा-चार’ असं ऐकाल, म्हणजे तळ दहा मिलिमीटर, बाजू सहा, केबिन चार. गंजून तळ कुठे किती उरलाय, हे त्या अहवालात कळतं. विकणाऱ्याने दाखवलेल्या जुन्या अहवालावर बयाणा देऊ नका.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. तुम्ही स्पॉन्सर्ड व्हिसावर असाल तर कंपनीकडे तुमचा चालू पत्ता असावा लागतो, ई-व्हिसाच्या खात्यातही. घर सोडण्याआधी एचआरशी आणि नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागाराशी बोला. ड्रायव्हिंग लायसन्स, गाडीचा विमा, बँक, सगळीकडे टपाल पोहोचेल असा पत्ता लागतो. ते मूरिंगवर जमणार नसेल तर विश्वासातल्या कुणाचा तरी पत्ता आधी ठरवा. डॉक्टरची काळजी नको. जीपीकडे नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा देण्याची सक्ती नाही. काउंटरवर कुणी अडवलं तर हे शांतपणे सांगा.

आता आतलं जगणं. नॅरोबोटीची रुंदी सहा फूट दहा इंच, म्हणजे आतून त्याहून कमी, कारण बऱ्याच जुन्या कालव्यांची लॉकच सात फुटांची आहेत. मधल्या वाटेवर दोन माणसं समोरासमोर आली की एकाने कडेला व्हायचं. आपल्या स्वयंपाकाची वाफ भरपूर. भात, वरण, कुकरच्या शिट्ट्या, की खिडक्यांवरून पाणी ओघळायला लागतं आणि गादीखाली बुरशी धरते. थंडी येते म्हणून छतावरच्या आणि दारातल्या हवेच्या जाळ्या कापडाने बुजवू नका. कोळशाची शेगडी आणि गॅस एकाच बंद डब्यात चालू असताना कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, आणि त्याने बोटींवर माणसं गेली आहेत. अलार्म बंधनकारक आहे. तो झोपायच्या जागेजवळही लावा आणि दर आठवड्याला बटण दाबून तपासा. देवापुढचं निरांजन लाकडी छताखाली पेटतं ठेवून बाहेर जाऊ नका.

मिक्सरचं विचारून ठेवा. भारतातला साडेसातशे वॅटचा मिक्सर लावला की बारा व्होल्टच्या बॅटरीतून साठ-सत्तर ॲम्पिअर ओढले जातात. चटणीपुरतं चालतं, पण इन्व्हर्टर मोठा आणि प्युअर साइन वेव्हचा हवा. हिवाळ्यात सोलरवर दोन लॅपटॉप आणि राउटर दिवसभर चालणार नाहीत, आणि बोट बांधलेली असताना बॅटरी भरण्यासाठीही रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन चालवायला मनाई आहे. म्हणजे घरून काम करणाऱ्या दोघांसाठी काठावर विजेचा खांब असलेलं मूरिंगच हवं. पुन्हा तेच आलं.

टॉयलेटबद्दल लोक बोलायला लाजतात, म्हणून मीच लिहिते. कॅसेट टॉयलेटची टाकी वीसेक लिटरची असते. आपल्याला पाण्याची सवय, त्यामुळे तिघांत ती झटकन भरते आणि हाताने नेऊन रिकामी करावी लागते. कंपोस्ट किंवा सेपरेटिंग (मल-मूत्र वेगळं ठेवणाऱ्या) प्रकारात तर पाणी चालतच नाही. कुटुंबासाठी मोठ्या टाकीचं, पंपाने उपसून रिकामं होणारं पंप-आउट टॉयलेट घ्या. आई-बाबा येणार असतील तर याला पर्यायच नाही.

त्यांच्याबद्दलही खरं सांगते. बोटीत शिरायच्या पायऱ्या उभ्या असतात, पाय ठेवायची कड वीतभरही नसते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला रोज चार वेळा हे जमत नाही. व्हिसाच्या अर्जात ते कुठे राहणार हेही लिहावं लागतं. त्यांच्यासाठी जवळ एखादी खोली भाड्याने घ्या आणि दिवसा बोटीवर आणा. काठावर खुर्ची टाकून बदकं बघत चहा घेणं त्यांना मनापासून आवडेल. बाबांना सुकाणूही धरू द्या.

मुलीला बाहेर असताना कायम लाइफ जॅकेट, आणि लॉकमध्ये तिची जागा ठरलेली. खाली उतरताना खरा धोका सिलचा आहे. वरच्या दरवाज्याच्या पायाशी दगडी किंवा काँक्रीटचा कट्टा असतो, तो आधी पाण्याखाली दिसत नाही. भिंतीवर पांढरी रेघ असते. बोटीचं मागचं टोक त्या रेघेच्या पुढेच राहिलं पाहिजे. मागे सरकलं तर पाणी उतरताना सुकाणू कट्ट्यावर टेकतं, पुढचं नाक खाली जातं आणि काही मिनिटांत बोट भरते. एकाने सुकाणूवर उभं राहून नजर त्या रेघेवरून हटवायची नाही. दुसऱ्याने खालच्या पॅडलजवळ (पाणी सोडणारी झडप) विंडलास (ती फिरवायची किल्ली) हातात घेऊन तयार राहायचं, आणि हाक आली की लगेच पॅडल बंद करायचं. विंडलास दांड्यावर अडकवून सोडू नका, ती सुटून तोंडावर बसते. दोर खुंटाला गाठ मारून बांधू नका, एक वळसा देऊन हातात धरा. या सगळ्यात मुलीकडे बघायला तिसरं माणूस नाही, म्हणून सुरुवातीला एखादा अनुभवी मित्र सोबत घ्या.

वाणसामानाची चिंता करू नका. लंडनकडे गेलात तर ग्रँड युनियनचा पॅडिंग्टन आर्म हा फाटा अल्पर्टनवरून जातो, तिथे ईलिंग रोडवर ज्वारीच्या पिठापासून कढीपत्त्यापर्यंत सगळं मिळतं. साउथॉल तर ग्रँड युनियनच्या काठालाच आहे. एक विनंती मात्र आहे. गणपती बोटीवर बसवा, पण विसर्जन बादलीत करा. शाडूची छोटी मूर्ती आणा, निर्माल्यही कालव्यात सोडू नका. हे साचलेलं पाणी आहे, वाहती नदी नव्हे.

आता या आठवड्यात काय करायचं ते सांगते. मिल्टन कीन्सपासून शाळेला परवडेल एवढ्या अंतरातल्या मरिनांना फोन करून रेसिडेन्शियल जागांच्या प्रतीक्षायादीत नाव घाला. मग फेब्रुवारीत एक आठवडा नॅरोबोट भाड्याने घ्या. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी काही लॉक बंद असतात, तेव्हा मार्ग आधी तपासा. तो आठवडा सुट्टीसारखा घालवू नका. दोघांनी बोटीवरून काम करा, वरणभाताचा स्वयंपाक करा, शेगडीतली राख काढा, पाण्याची टाकी भरा, आणि मुलीचा गृहपाठ त्याच टेबलावर करून घ्या. नवऱ्याची हौस त्यानंतरही टिकली आणि तुमची धाकधूक कमी झाली, तर जागा मिळेपर्यंत भाड्याचं घर ठेवा आणि थांबा. जागा हातात आली, करार वाचून झाला, की सर्व्हेअर नेमा आणि मला पुन्हा लिहा. बोट कशी पारखायची, ते तेव्हा सविस्तर सांगेन.