रविवारी गोळी द्यायची का?

प्रश्न : माझा मुलगा तिसरीत आहे. मागच्या दिवाळीनंतर डॉक्टरांनी त्याला एडीएचडी (लक्ष न टिकणं, चंचलपणा आणि उतावीळपणा यांचा विकार) असल्याचं सांगून मिथाइलफेनिडेटची, दिवसभर पुरणारी गोळी सुरू केली. शाळेत पुष्कळ फरक पडला. वह्या पूर्ण असतात, बाईंच्या चिठ्ठ्या थांबल्या. पण डबा तसाच परत येतो आणि पोरगा गप्प गप्प वाटतो. सासूबाई म्हणाल्या, सुट्टीच्या दिवशी तरी लेकराला औषध नको. म्हणून आम्ही काही महिने फक्त शाळेच्या दिवशी गोळी देतो. डॉक्टरांना सांगितलेलं नाही. अशी बंद-चालू केल्याने त्याच्या मेंदूवर परिणाम होईल का? मे महिन्यात पूर्ण बंद करावी, असं ह्यांचं मत आहे.
— एक आई, सांगली

उत्तर : ताई, आधी तुमच्या मनातली भीती काढते. मिथाइलफेनिडेट शरीरात साठून राहत नाही. साध्या गोळीचा परिणाम चारेक तास टिकतो, दिवसभराच्या गोळीचा आठ ते बारा तास. रात्रीपर्यंत तो ओसरलेला असतो. त्यामुळे रविवारी गोळी दिली नाही म्हणून मेंदूला इजा होत नाही, आणि सोमवारी सकाळी दिली की ती त्याच दिवशी काम करते. ब्राझीलमध्ये चाळीस मुलांवर झालेला एक छोटा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काही मुलांना शनिवार-रविवारी औषध नसलेली, पण तशीच दिसणारी गोळी दिली होती. त्यांची भूक आणि झोप सुधारली, आणि सोमवारी सकाळी शिक्षकांना त्यांच्यात फारसा फरक जाणवला नाही. म्हणजे तुम्ही केलंत ते काही भलतंसलतं नाही. काही मुलांसाठी आम्ही डॉक्टर स्वतःच तसं ठरवतो.

तुमच्या पत्रात मला जास्त खटकलं ते ‘गप्प गप्प’. गोळीने मूल शांत बसलं की मोठ्यांना बरं वाटतं, पण नेहमीचं बोलकं मूल मिटून गेलं असेल तर बहुतेक वेळा मात्रा जास्त होत असते. सुट्टीच्या दिवशी गोळी वगळून हा प्रश्न सुटत नाही. सोमवार ते शनिवार तो तसाच मिटलेला राहणार. मात्रा कमी करणं किंवा गोळीचा प्रकार बदलणं हा त्यावरचा उपाय, आणि तो डॉक्टरांनीच करायचा. ते त्यांना सांगितलंच नाही तर ते बदलणार काय? उलट शाळेतली प्रगती पाहून आहे तीच मात्रा योग्य आहे, असं ते समजतील.

डब्याचं सांगते. ही गोळी दुपारची भूक मारते, आणि संध्याकाळी तिचा जोर उतरला की मूल एकदम भुकेलं होतं, कधी चिडचिडंही. म्हणून गोळीच्या आधी पोटभर न्याहारी द्या : थालीपीठ-लोणी, अंडं, दूध, जे तो आवडीने खाईल ते. डब्यात दोन घासांत संपेल असं काही ठेवा, शेंगदाण्याचा लाडू चालेल. रात्री आठ-साडेआठला तो पुन्हा मागेल, तेव्हा ‘आता जेवणाची वेळ गेली’ म्हणू नका. दर तीन महिन्यांनी वजन आणि सहा महिन्यांनी उंची मोजून तारखेसह एका वहीत लिहा. नाडी आणि रक्तदाब डॉक्टर तपासतीलच. एडीएचडीच्या उपचारांची तुलना करणाऱ्या अमेरिकेतल्या एमटीए या अभ्यासात १९९९ मध्ये पहिले निष्कर्ष आले तेव्हा ५७९ मुलं होती. त्यांचा माग मोठेपणापर्यंत काढला, तेव्हा वर्षानुवर्षं गोळ्या घेतलेल्यांची उंची जवळजवळ न घेतलेल्यांपेक्षा सरासरी दोन-अडीच सेंटीमीटर कमी भरली. घाबरून जाण्याइतका हा फरक नाही, दुर्लक्ष करण्याइतका लहानही नाही. वाढ खरोखर मंदावली असेल तर मोठ्या सुट्टीत ठरवून खंड देतात. तेव्हा मे महिन्याबद्दल तुमच्या मिस्टरांचं म्हणणं चूक नाही, फक्त त्याआधी वही डॉक्टरांना दाखवा.

आता रविवारचं. या औषधांचं नातं सुरुवातीपासून शाळेशी जुळलं. १९३७ साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध दिलं, तेव्हा त्यांच्याही नजरेत आधी भरला तो मुलांच्या अभ्यासातला बदल. आपणही तसंच धरून चालतो : शाळा आहे तर गोळी, शाळा नाही तर कशाला? पण एडीएचडी दप्तराबरोबर खुंटीला टांगून ठेवता येत नाही. माझ्याकडे येणारी सहावीतली एक मुलगी रविवारी गोळी घेत नसे. सोसायटीत लगोरी खेळताना आपला डाव येईपर्यंत तिला थांबवत नसे, भांडणं होत, मग तिला कुणी खेळायलाच घेईना. शाळेत तिला मैत्रिणी होत्या आणि घराजवळ एकही नव्हती. रविवारीही गोळी हवी, असं तिनेच आईला सांगितलं. दुसऱ्या एका मुलाचे रविवार मात्र आजोळच्या मळ्यात मोकळे धावण्यात जातात. त्याला गोळी लागत नाही, आम्ही देत नाही.

म्हणून तुमच्या मुलाचे पुढचे तीन-चार रविवार नीट बघा. मित्र बोलावतात का? रस्ता ओलांडताना हात सोडून पळतो का? सायकलवरून वारंवार पडतो का? दिवसभर घरात त्याला ओरडाच खावा लागतो का? जेवतो किती, झोपतो केव्हा? आणि त्यालाही विचारा, गोळी घेतल्यावर कसं वाटतं. आठ वर्षांचं मूल हे नेमकं सांगू शकतं. ही टिपणं घेऊन भेटा आणि इतके महिने सुट्टीला गोळी देत नव्हतो, हे सरळ सांगा. कुणी रागावलंच तरी सांगा. ही गोळी सगळ्या दुकानांत मिळत नाही, चिठ्ठीशिवाय तर नाहीच, म्हणून गोळ्यांची पट्टी पुरवण्यासाठीही काही घरांत रविवार वगळतात. तुमचं तसं असेल तर तेही बोला.

सासूबाईंना माझा निरोप द्या : त्यांची काळजी रास्त आहे. पुढच्या भेटीला त्यांनाही बरोबर न्या.

प्रश्न : माझ्या मुलीला एडीएचडीसाठी ॲटोमॉक्सेटिन हे औषध सुरू आहे. ओळखीच्या एकांनी शनिवार-रविवारी खंड द्यायला सांगितलं, तसा दोन आठवडे देतो आहे. चालेल ना?
— एक वडील, नागपूर

उत्तर : नाही. हे औषध वेगळ्या जातीचं आहे. त्याचा परिणाम रोज घेऊन हळूहळू येतो, पूर्ण दिसायला चार-सहा आठवडे लागतात. मधले दिवस गाळले तर तो जमतच नाही, आणि मळमळ, पेंग यांचा त्रास मात्र मुलीला होत राहतो. एडीएचडीसाठीच दिल्या जाणाऱ्या क्लोनिडीन या औषधावर असलेल्या मुलांच्या पालकांनीही हे वाचावं : ते एकाएकी बंद केलं तर रक्तदाब झपाट्याने वाढू शकतो. राहिलेल्या गोळ्या भरून काढायला दुप्पट देऊ नका. उद्याच डॉक्टरांना फोन करा, कुठल्या दिवशी गोळी दिली नाही ते सांगा आणि पुढे किती मात्रेने द्यायची ते विचारून घ्या.