पहिली बॅट कार्बनची? आमची दीड वर्षं त्यात गेली

तुमची पोस्ट दोनदा वाचली. मुलगी 9 वर्षांची, सहा महिने झाले टेबल टेनिस खेळतेय, आणि सर म्हणतात की रेडीमेड बॅट (दुकानातून रबरं लावूनच येते ती) आता बस, कार्बनची ब्लेड (रबरांखालची फळी, कार्बनचे थर घातलेली) घ्या, दोन्ही बाजूंना फास्ट रबरं लावून घ्या, 20 हजारांची तयारी ठेवा. हेच 2017 साली मला सांगितलं गेलं होतं, आकडा तेवढा 14 हजारांचा होता. म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी कोच नाही. क्लबात बाकावर बसून पोराचे बॉल वेचणारा बाप आहे, तेव्हा पटेल तेवढंच घ्या.

रेडीमेड सोडायची, हे सर बरोबरच सांगतायत. त्यावर वेळ घालवत नाही.

आमचा मुलगा तेव्हा दहाचा. सरांनी चिठ्ठीवर ब्लेडचं नि रबरांचं नाव लिहून दिलं, खाली दुकानाचं नावही. दुकानदाराने दोन्ही बाजूंना मॅक्स स्पंजची, म्हणजे खाली सगळ्यात जाड स्पंज असलेली, रबरं चिकटवली. ‘आत्ताच चांगलं घ्या, पुढचा खर्च वाचेल’ हे मलाही फार शहाणपणाचं वाटलं. पहिल्या दिवशी बॉल बॅटवर काय वाजला म्हणून सांगू! पोरगा खूश, मी त्याहून खूश.

दोन-तीन महिन्यांत त्याचा फोरहँड आखडला. का, ते कळायला मला वर्ष लागलं. कार्बनने ब्लेड कडक होते, बॉल रबरात नीट रुतायच्या आत सुटतो. त्यावर ही आधीच ताणलेली रबरं, जाड स्पंजाची. नुसती बॅट लागली तरी बॉल उडतो. मुलाने पूर्ण हात फिरवला की बॉल टेबलाबाहेर. मुलं अशा बाबतीत आपल्यापेक्षा हुशार. त्याने हात फिरवणंच सोडून दिलं. बॅट पुढे धरायची, बाकीचं काम बॅट करायची. वर गंमत म्हणजे अशाने तो लहान गटातल्या काही मॅचेस जिंकलाही, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. सर्व्हिस घेताना मात्र हाल. समोरच्याने जरा फिरकी दिली की बॉल एकतर छताकडे नाहीतर थेट नेटमध्ये.

शेवटी दुसऱ्या क्लबातल्या एका काकांनी ती बॅट हातात घेतली, बॉल चार वेळा टपटपवला आणि मला विचारलं, “ही पोरासाठी घेतलीत की त्याच्या सरांसाठी?”

साधी लाकडी ब्लेड आणली तर पहिला महिना सगळे बॉल नेटमध्ये, कारण हात विसरलाच होता. पैशांचं मी विसरलो, पण तो स्ट्रोक परत बसवताना पोराने जी रडारड केली ती विसरत नाही. दुकानात गेलो, तर चिकटवलेली रबरं परत घेत नाही म्हणाले. रबरांचं ठीक, मान्य. पण ब्लेड तरी बदलून द्या म्हटलं, फरक वर भरतो म्हटलं, तर आज या, उद्या या, मग फोन उचलणंच बंद. सरांचं नि दुकानाचं आपसात काय होतं मला माहीत नाही आणि इथे लिहायचंही नाही. असो.

माझं मत: पाच प्लायची (पाच थरांची), पूर्ण लाकडी, ऑलराउंड म्हणजे मध्यम वेगाच्या प्रकारातली ब्लेड. स्टिगा कंपनीची ऑलराउंड क्लासिक, किंवा त्याच जातकुळीतली दुसरी कुठली. रबर दोन्ही बाजूंना एकच, 1.8 मिलिमीटर स्पंजचं. यासाका कंपनीचं मार्क फाइव्ह रबर 1969 पासून चालू आहे, उगाच नाही. सर सांगतायत त्याच्या निम्म्यात भागेल. 2.0च्या वर दोन वर्षं तरी जाऊ नका. आणि वजन बघा, हे कुणी सांगत नाही: एकाच मॉडेलच्या दोन ब्लेडमध्ये चांगला फरक निघतो. दुकानात काटा मागा, हलकी निवडा. 9 वर्षांच्या मनगटाला पूर्ण बॅट 170 ग्रॅमच्या आत बरी. रबर चिकटवणं समोर उभं राहून करून घ्या.

लाँग पिंपलचा (बाहेरून लांब दाणे असलेल्या, समोरच्याची फिरकी उलटवणाऱ्या रबराचा) मोह कुणी घालेल. बॅकहँडला तेच लावणाऱ्या मनिका बत्राने 2018च्या राष्ट्रकुलात सुवर्ण आणल्यापासून आमच्या क्लबात दर चौथ्या मुलीच्या बॅकहँडला पिंपल दिसतं. 2024 ला बुसानच्या जागतिक सांघिक स्पर्धेत आपल्या अयहिका मुखर्जीने अँटी रबर (फिरकी जवळजवळ न धरणारं गुळगुळीत रबर) वापरून तेव्हाची जगात पहिली असलेल्या चीनच्या सुन यिंगशाला हरवलं, तेव्हा परत तीच लाट. पण आधी साध्या रबराने फिरकी द्यायला नि ओळखायला यावी, असं मला वाटतं. जाणते लोक वेगळंही सांगतील.

मुलीला गुलाबी रबर हवं असेल तर खुशाल घ्या. ऑक्टोबर 2021 पासून लालच्या जागी गुलाबी, जांभळा, हिरवा, निळाही चालतो. दुसरी बाजू काळीच हवी. फक्त रबरावर आयटीटीएफचा (आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाचा) शिक्का आहे ना ते पाहा, नाहीतर स्पर्धेत बॅट बाजूला ठेवायला लावतात.

पावसाळ्यात रबराला दमटपणा धरतो, बॉल घसरतो. मुलीचं काही बिघडलं असं लगेच समजू नका, ओल्या स्पंजने पुसून नीट वाळू द्या. आणि बॅट उन्हातल्या गाडीत ठेवू नका, आमची एक बाजू तशीच सुटून आली.

सरांशी वाद घालणं अवघड जातं, मला कळतं. त्यापेक्षा क्लबात कुणाची साधी लाकडी बॅट आणि कुणाची कार्बनची, दोन्ही अर्ध्या तासासाठी मागून घ्या. मुलीला प्रत्येक बॅटने पूर्ण हात फिरवून 50 टॉपस्पिन मारायला लावा, बॉल तुम्ही टाका, नि टेबलावर किती पडले ते मोजा. ते दोन आकडे सरांना दाखवा.