शिट्टीआधी हात बघ

प्रिय मित्रा,

फुटबॉल रेफ्रीची परीक्षा पास झालास, आता तालुक्याच्या सामन्यांत शिट्टी हातात येणार, आणि सगळ्यात जास्त धास्ती हँडबॉलची वाटते असं तू लिहिलंस. वाटू दे. ऑफसाइडला लाइनमनचा झेंडा असतो. हँडबॉलला बहुतेक वेळा तू एकटा असतोस.

पेडणे असो, डिचोली असो, चेंडू हाताला लागला की अख्खं मैदान ‘हँड! हँड!’ म्हणून उठतं. नियम मात्र तसं म्हणत नाही. नुसता चेंडू हाताला लागला म्हणजे गुन्हा होत नाही. हात मुद्दाम चेंडूकडे नेला तर गुन्हा. हाताने शरीर अनैसर्गिकरीत्या मोठं करून चेंडू अडवला तरी गुन्हा. आणि हात म्हणजे काखेच्या खालच्या रेषेपासून पुढचा भाग. खांद्याला लागलेल्या चेंडूवर शिट्टी नाही.

खरी कसोटी त्या ‘अनैसर्गिक’ची. तिथे स्वतःला एकच विचार: हा हात इथे का आहे? हेडरसाठी उडी मारताना हात उचलले जातातच, धावता धावता वळताना तोलासाठी बाहेर जातात, घसरून पडताना एक हात जमिनीला टेकतो. त्या हालचालीतून हात आपसूक तिथे आला असेल तर खेळ चालू ठेव. पण शॉट अडवायला पुढे आलेला बचावपटू हात पसरून उभा असेल, तर तो धोका त्याने स्वतः पत्करलेला आहे. हे ओळखायचं तर चेंडू हातावर आदळण्याआधीच हात बघितलेला हवा. नवा रेफ्री चेंडूच्या मागे डोळे फिरवतो आणि हात दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. क्रॉस, म्हणजे बाजूने गोलसमोर मारलेला चेंडू, येणार असं वाटताच बचावपटूंच्या खांद्यांकडे आणि कोपरांकडे नजर टाकायची सवय लाव. म्हापशाच्या धुळेर मैदानावर कृत्रिम हिरवळीमुळे टप्पा बराचसा सरळ येतो. भातकापणीनंतरच्या मळ्यात चेंडू कुठूनही उसळतो. अशा उसळीवर हात बाजूला घ्यायला खेळाडूला वेळच मिळत नाही, हे ध्यानात ठेव.

तरीही मतभेद होणारच. 5 जुलै 2024 रोजी स्टुटगार्टला जर्मनी-स्पेन सामन्याच्या जादा वेळेत जर्मनीच्या मुसियालाचा फटका स्पेनच्या कुकुरेयाच्या हाताला लागला. रेफ्री अँथनी टेलर यांनी पेनल्टी दिली नाही, आणि व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून रेफ्रीला मदत करणारी व्यवस्था, असूनही त्यावरचा वाद थांबला नाही. आपल्या तालुक्यात व्हीएआर नाही, म्हणून तू कुठे उभा आहेस ते महत्त्वाचं. 22 जून 1986 रोजी वर्ल्ड कपमध्ये मेक्सिकोच्या अझ्टेका मैदानावर अर्जेंटिनाच्या मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने गोल केला, तो रेफ्री अली बिन नासर यांना नीट दिसला नाही आणि लाइनमनचा झेंडाही उठला नाही. खेळाडूंच्या थेट मागे राहू नकोस. थोडं बाजूला सरक, चेंडू आणि हात यांच्यामधली फट दिसली पाहिजे.

गोल करणाऱ्याला सूट नाही. चेंडू चुकून हाताला लागून गोल झाला, किंवा लागल्यावर त्याच खेळाडूने लगेच गोल केला, तर तो बाद. पण चेंडू चुकून एकाच्या हाताला लागला आणि गोल त्याच्या साथीदाराने केला, तर 2021 पासून तो धरला जातो. हे प्रेक्षकांना माहीत नसतं, कधी कधी प्रशिक्षकांनाही नसतं. रागावू नकोस, कर्णधाराला दोन वाक्यांत सांग आणि खेळ सुरू कर.

कार्डाची घाई तर मुळीच नको. प्रत्येक हँडबॉलला पिवळं कार्ड नसतं. 2 जुलै 2010 रोजी वर्ल्ड कपमध्ये उरुग्वेच्या सुआरेझने घानाचा गोलात जाणारा चेंडू हाताने अडवला. तसं मुद्दाम केलं की लाल कार्ड आणि पेनल्टी दोन्ही. पण 2024 च्या बदलानंतर, मुद्दाम नसलेल्या हँडबॉलने पेनल्टी क्षेत्रात गोलची स्पष्ट संधी हुकली तर पेनल्टी आणि पिवळं कार्ड पुरतं. आधी पेनल्टीच्या जागेकडे बोट दाखव, एक श्वास घे, मग खिशात हात घाल.

पहिला सामना कुठे लागला ते कळव. जमलं तर बघायला येईन.

तुझा,
काका